तिसरी पवनचक्की

दादाचं लग्न ठरलं तेव्हा आईनं शेजारीपाजारी सांगून टाकलं की सून इंजिनियर आहे. कसली इंजिनियर, असं कुणी विचारलं की आई चहा टाकायला उठायची. कारण खरं उत्तर ‘वारा मोजते’ असं होतं, आणि हे वाक्य लग्नाआधी चारचौघांत बोलण्यासारखं नाही, असं आईचं ठाम मत होतं. लग्नानंतर बोलण्यासारखं आहे, असंही तिला कधी वाटलं नाही.

पण वहिनी खरोखरच वारा मोजते. कुणाच्या तरी मनात येतं की आपल्या डोंगरावर पवनचक्क्या लावाव्यात, वीज करावी, बिलातून सुटावं. त्यांना दुकानदार चक्की विकायला तयार असतो, बँक कर्ज द्यायला तयार असते. फक्त वारा तयार आहे का, हे कुणी विचारलेलं नसतं. ते विचारायला वहिनी जाते. डोंगरावर लोखंडी जाळीचा उंच मनोरा उभा करायचा, त्याला आडवे दांडे लावायचे, दांड्यांच्या टोकाला गरगरणाऱ्या तीन-तीन वाट्या बसवायच्या, त्या वाऱ्याचा वेग सांगतात. जवळच एक शेपटी बसवायची, ती वारा कुठून येतो ते सांगते. मग निदान वर्षभर नुसतं थांबायचं. हे थांबणंच लोकांना जमत नाही.

“अहो बाई, मोजायचं काय त्यात?” प्रत्येक डोंगराचा मालक म्हणतो. “आमच्याकडे डोक्यावर टोपी टिकत नाही!”

“टोपी उडवायला एक झुळूक पुरते,” वहिनी म्हणते. “कर्ज फेडायला वर्षभराचा वारा लागतो.”

तिच्या धंद्यातलं एकच गणित मला समजलं आहे, तेही आईमुळे. वारा दुप्पट झाला की वीज दुप्पट होत नाही, आठपट होते. आणि वारा थोडा कमी पडला की वीज थोडी कमी पडत नाही, तोंडावर आपटते. वहिनीनं हे घरात पहिल्यांदा समजावून सांगितलं तेव्हा आम्ही सगळे इंजिनियर असल्यासारख्या माना डोलावत होतो. आई म्हणाली, “म्हणजे पाहुण्यांसारखं. माणसं दुप्पट आली की काम आठपट.” त्या दिवसापासून सासूसुनेचं जमलं.

पवनचक्कीचा खर्च सगळा आधीच होऊन बसतो. लोखंड, पाती, पाया, डोंगरावर जायचा रस्ता, लांबून आणायची अवाढव्य क्रेन. एकदा चक्की उभी राहिली की पुढं इंधन फुकट. या ‘फुकट’ शब्दावर भली भली माणसं पाघळतात. वहिनी त्यांना शांतपणे सांगते, “नसलेला वारासुद्धा फुकटच असतो.”

अशा बोलण्यानं माणूस लोकप्रिय होत नाही. दहा ठिकाणी वारा मोजला तर सात-आठ ठिकाणी तिचा अहवाल ‘इथं परवडणार नाही’ असाच असायचा. धंद्यात तिचं नाव पडलं नाहीबाई. पूर्वी ती एका कंपनीत होती. तिथल्या साहेबानं एकदा वाऱ्याचा आकडा “अगदी किंचित, नखभर” वाढवून मागितला. नखभर वाढवला की आठपटीच्या गणितानं पुढं केवढा फुगतो, हे तिला ठाऊक होतं आणि साहेबालाही ठाऊक होतं. वहिनीनं नोकरी सोडली आणि आमच्या जेवणाच्या टेबलावर स्वतःचं ऑफिस थाटलं. तेव्हापासून आमच्या घरी जेवायला बसायचं म्हणजे आधी एखादा डोंगर उचलून बाजूला ठेवावा लागतो.

या ऑफिसातला दुसरा कर्मचारी म्हणजे माझा दादा. तो आधी टेलिफोनच्या मनोऱ्यांवर चढायचा. लग्नानंतर वाऱ्याच्या मनोऱ्यांवर चढायला लागला. माणूस उंच, गप्प आणि कमालीचा हट्टी. वहिनी म्हणते, “डोक्याचं काम माझं.” दादा म्हणतो, “आणि डोक्याच्या वरचं माझं.” तो दिवसात एवढंच बोलतो, पण ते बायकोच्या शेवटच्या वाक्यानंतर बोलतो, म्हणून घरात त्याचा दबदबा आहे.

आता बर्फाच्या कारखान्याबद्दल.

बंदराच्या मागच्या अंगाला जुना बर्फाचा कारखाना आहे. मालक तो बंद करून निघून गेला तेव्हा कामगारांनीच पैसे उभे करून तो विकत घेतला आणि चालवायला लागले. त्यांचे अध्यक्ष म्हणजे बर्फकाका. जन्मभर बर्फाच्या लाद्या ओढलेला हा दरवाजाएवढा माणूस बारा महिने स्वेटर घालतो. भर उन्हात कुणी हसलं तर म्हणतो, “तुम्ही दिवसातून एकदा घराबाहेर पडता. मी दिवसातून चाळीसदा हिवाळ्यात जाऊन येतो.” कारखाना चालत होता, पण बर्फ म्हणजे गोठवलेली वीजच, कमाईचा मोठा लचका विजेचं बिल तोडायचं. मागच्या डोंगरावर वारा होता. पवनचक्क्या विकणारी एक कंपनीही दारात येऊन उभी राहिली होती. बँक कर्ज देणार होती, मात्र कारखाना गहाण ठेवून. म्हणजे वाऱ्यानं दगा दिला तर कामगारांनी घामानं मिळवलेला कारखाना जाणार, हे सगळ्यांना स्पष्ट होतं. म्हणून बर्फकाकांनी नाहीबाईला बोलावलं.

“सगळे म्हणतात तुम्ही ‘नाही’ म्हणता,” काका म्हणाले. “म्हटलं, जी बाई सगळ्यांना नाही म्हणते तिनं हो म्हटलं तर झोप लागेल.”

मनोरा उभा करायचा दिवस ठरला, आणि नेमका त्याच आठवड्यात आमच्या घरी पंख्याचा तंटा झाला.

तंटा जुना होता. वहिनीला दिवसभर डोंगरावर वारा खाऊन घरी वारा नको असतो. दादाला पंखा पाचवर असल्याशिवाय झोप येत नाही. त्या आठवड्यात दादानं पंख्याचं बटण चारवर पक्कं करून टाकलं. हा मधला मार्ग, असं त्याचं म्हणणं. वहिनीनं पलंगावर उभं राहून आपल्या हातातल्या मोजयंत्रानं पंख्याचा वारा मोजला आणि हा चार नसून पाचच आहे, नवरा फसवणूक करतो आहे, असा निष्कर्ष जाहीर केला. इतर घरांत नवराबायको भांडतात. आमच्याकडे पुराव्यानिशी भांडतात. अबोला सुरू झाला.

अबोल्यातच दोघं डोंगरावर गेली. काम टाळायचा प्रश्नच नव्हता. बोलायचं नाही आणि काम तर करायचं, म्हणून त्यांनी वस्तूंशी बोलायला सुरुवात केली. वहिनी जीपला म्हणायची, “पुढं खड्डा आहे, कुणी बघत असेल तर बरं.” दादा दोरखंडाला म्हणायचा, “खाली पान्हा राहिलाय, कुणी दिला तर मेहरबानी.” जीपला सांगून झालं, दोराला सांगून झालं, डब्यालाही सांगून झालं. फक्त होकायंत्राला कुणी काही सांगितलं नाही, आणि तिथंच घात झाला. तो पुढं वर्षभर कुणाच्या लक्षात आला नाही.

वर्षभरानं वहिनीनं हिशेब मांडला आणि घरात अघटित घडलं. नाहीबाईनं हो म्हटलं. वारा चांगला होता, भरवशाचा होता, दहांतल्या नऊ वर्षांत तरी कर्जाचा हप्ता सुटेल इतका होता. तिनं दिलेल्या वाऱ्याच्या दिशेवरून कंपनीनं डोंगरावर तीन चक्क्यांच्या जागा आखल्या. आईनं इतक्या वर्षांत पहिल्यांदा शेजारणीला बोलावून सांगितलं, “सून वारा मोजते.” अबोला तर कधीच मिटला होता. पंखा साडेतीनवर स्थिरावला होता, म्हणजे आठवड्यातून काही दिवस तीन आणि काही दिवस चार.

करारावर सह्या व्हायच्या त्या दिवशी सकाळी मी त्यांच्याबरोबरच नाश्त्याला बसलो होतो. दोघं लग्नाचा वाढदिवस असल्यासारखी गोड वागत होती. अशा वेळी त्यांच्यात बसणं अवघड जातं. ती भांडत असताना मला जास्त मोकळं वाटतं.

“पण एक मान,” दादा पावाला लोणी फासत म्हणाला. “अबोला होता तरी काम चोख केलं मी. शेपटी बसवताना होकायंत्राचा फरक काढूनच बसवली. म्हटलं, तुला त्रास नको.”

वहिनीचा चमचा कपात थांबला.

“काय काढलं?”

“फरक. खरी उत्तर दिशा धरून बसवली.”

“अहो, तो नेहमी कोण काढतं?”

“नेहमी तू काढतेस, नंतर गणितात. पण तेव्हा तू बोलत नव्हतीस. म्हटलं, बाईसाहेब रागाच्या भरात विसरतील.”

“मी विसरेन? मी?”

दादाच्या हातातला पाव अर्ध्या वाटेत थांबला. “म्हणजे... काढलास तू?”

मला काहीच कळलं नाही, पण घरातला वारा पडला एवढं कळलं. वहिनीनं मला समजावून सांगितलं ते अगदी हळू आवाजात, आणि तिच्या हळू आवाजाची मला भीती वाटते. होकायंत्राची सुई बोट दाखवते ती खरी उत्तर नव्हे. खऱ्या उत्तरेपासून ती थोडी बाजूला असते. किती, ते जागेवर अवलंबून. आमच्या भागातल्या डोंगरांत लोखंड मिसळलेला दगड आहे, म्हणून इथं हा फरक घसघशीत आहे. तो कुणीतरी एकानं दुरुस्त करायचा असतो. एकानंच. इथं नवऱ्यानं डोंगरावर केला, बायकोनं घरी केला. भाजीत दोघांनीही आपापलं मीठ घातलं होतं, एकमेकांना न सांगता, आणि दोघांनीही मोठ्या काळजीनं.

“विमानतळावरच्या नोंदींशी थोडा फरक येत होता,” वहिनी स्वतःशीच म्हणाली. “मला वाटलं, डोंगर वळवतो वारा.”

ती उठली, बश्या बाजूला सारून कॉम्प्युटर उघडून बसली. चहा गार झाला. मग तिनं डोंगराचा नकाशा आमच्यापुढं ठेवला. पवनचक्की वारा खाते, म्हणाली. तिच्या मागं दूरपर्यंत जो वारा उरतो तो दमलेला, घुसळलेला असतो. तिला ती वाऱ्याची सावली म्हणते. चुकलेल्या दिशेनं पाहिलं तर तिन्ही चक्क्या मोकळ्यावर होत्या. खऱ्या दिशेनं पाहिलं तर तिसरी नेमकी पहिलीच्या सावलीत उभी होती. आणि त्या डोंगरावर चौथी जागा नव्हती. उरलेला सगळा उतार आणि कडे.

“तिसरी म्हणजे घरजावई,” वहिनी म्हणाली. “जेवण पूर्ण, काम अर्धं. वर आपल्याच कर्जावर.”

मी जरा चाचरत म्हणालो, “वहिनी, पण हे तुम्हा दोघांनाच माहीत आहे. कुणाला कळणार आहे?”

“तिसऱ्या चक्कीला कळेल, भाऊजी. वीस वर्षं, रोज.”

दादानं पाव खाली ठेवला. “आपला धंदा बसेल. ते लोक वाटच बघतायत नाहीबाई कधी चुकते त्याची.”

“बसू दे. काका कारखाना गहाण टाकतायत. त्यांचा बसण्यापेक्षा आपला बसलेला बरा. आपल्याला निदान खुर्ची आहे.” आणि ती साडी सारखी करत उठली. “चला. आणि चूक माझी आहे, तिथं मध्ये बोलायचं नाही.”

“तुझी कशी? दिशा मी फिरवली.”

“तुम्ही बरोबर फिरवली. मी विचारलं नाही.”

“मी सांगितलं नाही!”

जीपमध्ये बसेपर्यंत चूक कुणाची यावर जोरदार भांडण चाललं होतं. प्रत्येकाला ती स्वतःच हवी होती. आमच्या घराण्यात वाटण्या झाल्या तेव्हासुद्धा इतका आग्रह कुणी धरला नव्हता.

कारखान्याच्या जिन्यात आम्हाला गुळगुळीत भेटला. हा चक्क्या विकणाऱ्या कंपनीचा माणूस. हे नाव वहिनीनं ठेवलेलं; त्याचे केस, बूट आणि वाक्यं तिन्ही गुळगुळीत होती. वहिनीनं त्याला तिथल्या तिथं सगळं सांगितलं. त्यानं आधी जिन्याच्या वर आणि मग खाली नजर टाकली, कुणी ऐकत तर नाही ना म्हणून.

“मॅडम, एवढं काय त्यात? निसर्ग आहे. थोडं इकडंतिकडं व्हायचंच.”

“निसर्ग जागच्या जागी आहे. इकडंतिकडं आम्ही झालो.”

“आज सह्या आहेत. क्रेन ठरली आहे. आणि तुमच्या नावाचा तरी विचार करा. बाजारात नाव एकदा गेलं की...”

“माझं नाव नाहीबाई आहे,” वहिनी म्हणाली. “त्याला आणखी काय डाग पडणार?” आणि ती जिना चढून गेली. दादा तिच्या मागोमाग गेला. जाताना त्यानं गुळगुळीतच्या खांद्यावर हात ठेवून त्याला हलकेच बाजूला केलं, दारातली खुर्ची सरकवावी तसं.

सभा यंत्रघरावरच्या मोठ्या खोलीत होती. खाली बर्फ तयार होतो म्हणून वर गार असेल असं मला वाटलं होतं. बर्फ करताना काढलेली सगळी उष्णता कुठं जाते हे मला त्या खोलीत समजलं. कामगार दाटीवाटीनं बसले होते, एका कोपऱ्यात उभा पंखा घरघरत होता आणि बर्फकाका स्वेटरमध्ये घामानं निथळत होते. टेबलावर करार, पेन आणि पेढ्यांऐवजी बिस्किटांचा डबा.

वहिनीनं बसायच्या आधीच सांगितलं. “सह्या थांबवा. अहवालात चूक आहे. चूक माझी आहे.”

“आमची आहे,” दादा म्हणाला.

“अहो, ठरलं होतं ना!”

“काही ठरलं नव्हतं. शेपटी मी बसवली.”

“आणि मी काय तिथं गवत उपटत होते?”

खोलीत हशा पिकला. लोकांना वाटलं, नवराबायकोचं काहीतरी घरगुती आहे. खरं तर ते घरगुतीच होतं. वहिनीनं हसू ओसरू दिलं आणि मग सगळं सांगितलं: पंखा, अबोला, होकायंत्र, दोनदा केलेली एकच दुरुस्ती. एक शब्द गाळला नाही, एक शब्द गोड केला नाही. तिनं मान खाली घातली नाही. चूक कबूल करताना माणसं आवाज उतरवतात, वहिनीनं चढवला. जणू ती चूक तिच्या मालकीची होती आणि दुसऱ्या कुणी हात लावलेला तिला खपणार नव्हता.

गुळगुळीतनं जिन्यात सांगितलेलं सगळं जिन्यातच ठेवून नवीन वाक्य काढलं. “मग अशा अहवालावर विश्वास तरी कसा ठेवायचा? आमच्या इंजिनियरांच्या मते तीन चक्क्या उत्तम आहेत.”

“तुमच्या इंजिनियरांनी माझीच दिशा वापरली आहे,” वहिनी म्हणाली. “माझी चूक तुमच्याकडे जाऊन बरोबर होत नाही.” मग ती लोकांकडे वळली. “वाऱ्याचा वेग चुकलेला नाही. वाट्यांना दिशा कळत नाही, त्या नुसत्या फिरतात. वारा आहे तेवढा आहेच. तो येतो कुठून, ते मी चुकीचं सांगितलं. काका, जरा या. पंख्यासमोर उभे राहा.”

बर्फकाका पंख्यापुढं जाऊन उभे राहिले. खोलीतला निम्मा वारा अडला.

“मावशी, तुम्ही काकांच्या मागं.” पॅकिंगमधल्या एक लहानखुऱ्या मावशी हसत हसत काकांच्या मागं जाऊन दिसेनाशा झाल्या. “लागतोय वारा?”

“कुठला वारा? स्वेटरचा वास येतोय!”

खोली कोसळली. काका लाजले. वहिनीनं पंख्याची मान थोडीशी वळवली. मावशींचा पदर उडाला.

“आता?”

“आता लागतोय.”

“अहवालात मी हे दाखवलं होतं.” वहिनीनं पंख्याची मान परत फिरवली, पदर पडला. “डोंगरावर हे आहे. पहिली चक्की म्हणजे काका, तिसरी म्हणजे मावशी. दुसरी तिकडं खिडकीपाशी मोकळ्यावर आहे, तिला काही त्रास नाही. मावशींना तुम्ही वीस वर्षं काकांच्या मागं उभं करणार आणि त्यांच्याकडून पंख्याचा हप्ता वसूल करणार. चालेल मावशी?”

“मी काय केलंय गं बाई!” मावशी म्हणाल्या.

बर्फकाका टेबलापाशी परत आले, पण बसले नाहीत. “बाई, दोनच लावल्या तर कर्ज फिटतं?”

“फिटतं. दहांतली नऊ वर्षं नीट. एखाद्या वर्षी वारा रुसेल, तेव्हा पोट आवळावं लागेल. बिल अर्धं उतरेल, सगळं नाही. आणि हे आकडे दुसऱ्या कुणाकडून तपासून घ्या. आज माझ्यावर विश्वास ठेवू नका.”

“दोन द्या मग,” काका गुळगुळीतला म्हणाले.

त्यानं स्मित केलं. “दोनसाठी तेवढ्या लांबून क्रेन आणणं कंपनीला परवडत नाही. तीन, किंवा एकही नाही. आणि हा भाव आजचाच आहे.”

“म्हणजे तिसरी चक्की आमच्यासाठी नव्हतीच,” बर्फकाका म्हणाले. “क्रेनसाठी होती.”

मग ते लोकांकडे वळले. या माणसांना बिलानं पिळलं होतं. वर्षभर त्यांनी डोंगरावरच्या मनोऱ्याकडे बघत दिवस काढले होते. आज नाही म्हटलं तर आणखी किती उन्हाळे तेच बिल भरायचं, कुणालाच ठाऊक नव्हतं.

“काय म्हणता?”

“नाही!” सगळ्यांत आधी मावशी म्हणाल्या. आणि मग सगळी खोली. वहिनीच्या तोंडचं ‘नाही’ आम्हाला सवयीचं होतं. पण तिचं ‘नाही’ असं पाय आपटत, बाकं वाजवत, खालच्या यंत्रांचा आवाज बुडवत परत येताना मी पहिल्यांदाच ऐकलं. गुळगुळीतनं करार गोळा केला. बिस्किटांचा डबा त्याच्यापुढं धरला गेला, कारण पाहुणचार पाहुणचाराच्या जागी. त्यानं एक घेतलं आणि तो गेला.

यानंतर सगळं छान झालं असं म्हणायची माझी फार इच्छा आहे. तसं झालं नाही. आठवडाभरात वहिनीच्या हातातली दोन कामं गेली, तिसरं काम देणाऱ्यानं फोन उचलणं बंद केलं. गुळगुळीत जिथं जाईल तिथं पंख्याच्या भांडणाची गोष्ट सांगायचा, आणि दुर्दैवानं ती चांगली सांगायचा. दादा पुन्हा टेलिफोनच्या मनोऱ्यांवर चढू लागला. आईनं शेजारणीला सांगितलं की सून इंजिनियर आहे. बर्फाच्या कारखान्यानं एक अख्खा उन्हाळा तेच बिल भरलं आणि भाववाढ न करता, दोन पाळ्या करून तो निभावला. काकांनी वहिनीच्याच सांगण्यावरून दुसऱ्या एका माणसाकडून आकडे तपासून घेतले. ते बरोबर निघाले. ती बातमी गुळगुळीतनं कुठं सांगितली नाही.

वहिनीनं मात्र एक उद्योग केला. आपल्या प्रत्येक अहवालाच्या पहिल्याच पानावर तिनं ठळक अक्षरांत छापायला सुरुवात केली: ‘दिशेची दुरुस्ती आम्ही एका कामात चुकून दोनदा केली होती. या वेळी ती एकदाच, अमुक व्यक्तीनं केली आहे.’ आणि खाली दोघांच्या सह्या. मी म्हटलं, “वहिनी, ही जाहिरात आहे की आत्महत्या?”

“लोक माझ्या पाठीमागं वाचतायत, भाऊजी. म्हटलं, समोरून वाचू दे. अक्षर तरी नीट मिळेल.”

पुढच्या वर्षी शेजारच्या डोंगरासाठी दुसऱ्याच एका कंपनीची क्रेन या बाजूला आली. बर्फकाका जाऊन त्या कंपनीच्या दारात बसले आणि तीच क्रेन जाता जाता दोन चक्क्या उभ्या करून गेली. आता त्या फिरतात. तिसरीची जागा रिकामी आहे. कारखान्यातली माणसं डब्यासह तिथं जाऊन बसतात आणि पाहुण्यांना मोठ्या अभिमानानं ती रिकामी जागाच आधी दाखवतात.

मध्यंतरी वहिनीला पुन्हा एक काम मिळालं आणि मी हौसेनं बरोबर गेलो. डोंगरमाथ्यावर दादा मनोऱ्याच्या टोकाशी होता, ठिपक्याएवढा. खाली ज्यांचं काम होतं त्या कंपनीचे दोन तरुण उभे होते. एक दुसऱ्याच्या कानात कुजबुजला, “ही तीच ना? चुकलेली?”

वहिनीचे कान वाऱ्यावर तयार झालेले आहेत. ती वळली.

“हो, तीच. न चुकणारे बरेच आहेत बाजारात, स्वस्तही मिळतात. हवेत का? अजून मनोऱ्याचा वरचा बोल्ट आवळलेला नाही.”

तरुणांनी घाईघाईनं डोंगराची स्तुती सुरू केली. इथं म्हणे टोपी टिकत नाही. वहिनीनं हातातली वही मिटली, त्यांच्याकडे पाहिलं आणि एक दीर्घ श्वास घेतला. आता ते वाक्य येणार, हे ओळखून मी एका दगडावर आरामात बसलो.

तेवढ्यात वरून आवाज आला. हे सांगायला हवं की त्या दिवशी दोघांचा अबोला होता. या वेळी उशीवरून. सकाळपासून जीप, दोर आणि पाण्याची बाटली यांच्याशीच सगळी बोलणी चालली होती. पण बर्फाच्या कारखान्यानंतर त्यांच्या अबोल्यात एका वाक्याची कायमची सूट आहे, आणि ते वाक्य पूर्ण ताकदीनं, थेट माणसालाच उद्देशून, ओरडून म्हणायचं असतं.

“दिशा मी दुरुस्त केली!” दादा आभाळातून गरजला.

वहिनीनं मान वर केली, तोंडाभोवती हात धरले.

“ऐकलं! मी करणार नाही!”

आणि मग ती जीपला म्हणाली, “पान्हा खाली राहिलाय, कुणाला हवा असेल तर दोर सोडावा.”